इंजिनाचे पाणी

पाण्याची पारख करण्याच्या कामी मराठी मुलखाचा हात धरणारा प्रांत हिंदुस्थानात क्वचितच सापडेल. अमक्या मळ्यातल्या विहिरीचे पाणी हलके आणि तमक्या वाडीच्या आडाचे जड. एकात तुरीची डाळ पहिल्या कढासरशी गळते, तर दुसऱ्यात प्रहरभर शिजत ठेवली तरी तिचा एकेक दाणा आपला स्वाभिमान सोडीत नाही. या पाण्याने साबणाला फेस येतो, त्या पाण्याने न्हाणाऱ्याच्या केसांच्या जटा होतात. असे निर्णय आमच्याकडे अक्षरशत्रू म्हातारीसुद्धा हायकोर्टाच्या न्यायाधीशाला हेवा वाटावा अशा निःशंकतेने देत असते, आणि मुलगी द्यायची म्हटली की मुलाच्या शिक्षणाआधी त्या गावच्या पाण्याची चौकशी होते. अशा या चोखंदळ समाजातला कर्ता पुरुष कर्जरोख्यावर सह्या करून ट्रॅक्टर दारात आणतो, त्याला ओवाळतो, त्याच्या बॉनेटवर स्वस्तिक रेखतो, गावभर पेढे वाटतो, आणि त्याच्या रेडिएटरमध्ये ओतण्यासाठी मात्र हाताला लागेल ती बादली समोर दिसेल त्या डबक्यात बुडवतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ती पारख त्या क्षणी कोठे अंतर्धान पावते, हे कोडे मला पुष्कळ दिवस सुटले नव्हते. ते सोडवले माझ्या मामीने, आणि तेही ट्रॅक्टरला यत्किंचितही हात न लावता, ओसरीवर गहू निवडीत बसल्या बसल्या.

मामांची शेती प्रवरेच्या काठी, म्हणजे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून ज्या लोणीच्या माळावर १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच पंचक्रोशीत आहे. ऊस तिकडे कुलदैवताच्या फार तर एक पायरी खाली असतो. आणि या दैवताला कालव्याच्या पाण्याचा अभिषेक करता करता पुष्कळ जमिनी चोपण व पुष्कळ विहिरी मचूळ होऊन बसल्या, ही तिथली दफ्तरी नोंद असलेली जुनी तक्रार आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपणारे पाणी मुळातच चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार पदरी बाळगून असते. त्यात खाराची ही भर. (विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या ज्या पट्ट्याला खारपाणपट्टा असे नावच पडून गेले आहे, तिथे जे ट्रॅक्टर वर्षानुवर्षे इमानाने चालतात, त्यांच्याविषयी मला वीरपुरुषांविषयी वाटावा तसा आदर वाटतो.) मामांच्या विहिरीचे पाणी मामीने स्वयंपाकघरातून केव्हाच बेदखल केले होते. ते पाणी घरात फक्त भांडी विसळायला, आणि घराबाहेर फक्त ट्रॅक्टरला. याबद्दल मी एकदा मामांजवळ विषय काढला, तेव्हा त्यांनी पानाला चुना लावता लावता एका वाक्यात माझी दरखास्त नामंजूर केली.

"पाणी ते पाणी! इंजिनाला काय तुरीची डाळ शिजवायची आहे?"

इंजिनाला डाळ शिजवायची नसते हे खरे. परंतु त्याला स्वतःही शिजून निघायचे नसते, हे मामांच्या लक्षात आले नव्हते. डिझेलच्या थेंबाथेंबात जी उष्णता असते तिची वाटणी मराठेशाहीतल्या वसुलाची आठवण करून देणारी आहे. सुमारे तिसरा हिस्सा प्रत्यक्ष कामाच्या खाती जमा होतो. जवळजवळ तितकाच धुराच्या संगतीने नळकांड्यावाटे परागंदा होतो. उरलेल्यातून चौथाईचा हक्क रेडिएटरच्या पाण्याचा, आणि सरदेशमुखीसारखे किरकोळ हक्क वंगण व इंजिनाचे उघडे अंग वसूल करीत असते. पाण्याची ही चौथाई बिनबोभाट वसूल झाली नाही तर काय अनर्थ ओढवतो, हे समजण्यास थोडे आकडे पुरेत. सिलिंडरात इंधन पेटते त्या क्षणी तिथले तापमान २००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. बीड साधारण १२०० अंशांना वितळते, आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन तर ६५० च्या सुमारासच हात टेकतो. म्हणजे भिंतीच्या एका अंगाला प्रलयाग्नी, दुसऱ्या अंगाला ऐंशी-नव्वद अंशांचे पाणी, आणि मध्ये बोटभरही जाडी नसलेले बीड, असा हा संसार आठ-दहा लिटर पाण्याच्या भरवशावर निर्धास्त चाललेला असतो.

हे पाणी कसे खेळवावे याविषयी जुन्या कारागिरांत एकमत नव्हते. अमेरिकेतल्या आयोवा प्रांतातील हार्ट-पार कंपनीने आपल्या अजस्र ट्रॅक्टरांतून पाण्याची हकालपट्टी करून त्याच्या जागी तेल खेळवले, कारण तिकडच्या हिवाळ्यात पाणी गोठून इंजिन फुटण्याची धास्ती. जर्मनीतील मानहाइमच्या लांझ कंपनीचा १९२१ सालचा बुलडॉग पाणी खेळवण्याच्या भानगडीतच पडत नसे; ते सरळ उकळू देई, वाफ आकाशाला अर्पण करी, आणि चालकाने वेळोवेळी भर घालावी एवढीच माफक अपेक्षा ठेवी. हेन्री फोर्डच्या १९१७ सालच्या फोर्डसनला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि निवलेले जड होऊन खाली उतरते, या निसर्गनियमावर त्याचा सारा कारभार चाले, आणि पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली उतरली की तो तत्काळ तहकूब होई. हल्लीच्या ट्रॅक्टरला पंप आहे, पंखा आहे, पट्टा आहे, थर्मोस्टॅट आहे आणि दाबाचे झाकण आहे. जिथे पूर्वी एकटा निसर्ग कारभार पाहत होता तिथे आता पाच कारभारी नेमले गेले आहेत, आणि पाच कारभाऱ्यांच्या कचेरीत कागद नेमका कोणाच्या मेजावर अडला हे शोधून काढणे किती दुर्घट असते, हे ज्याने सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी एकदा तरी खेटे घातले आहेत त्याला सांगायला नको.

त्या वर्षी गळिताचा हंगाम ऐन भरात असताना मामांचा ट्रॅक्टर तापू लागला. दोन ट्रेलर उसाने शिगोशिग भरून, कर्ण्यावर लावणी लावून तो कारखान्याकडे निघे, आणि वाटेत चहाच्या टपरीशी पोहोचला की हटकून त्याच्या पोटात उकळी फुटे. ड्रायव्हर मोठा धीराचा गडी. तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्यात शिरला की प्रथम तो काचेवर टिचकी मारून काट्याला समज देई; समजावणीचा उपयोग होत नाही असे पाहिल्यावर त्याने एके दिवशी काट्याची तारच उपटून काढली, आणि संध्याकाळी मामांना वर्दी दिली, "मालक, आता गरम व्हायचं थांबलं बघा." मामांनाही हायसे वाटले. ज्या अहवालात अप्रिय मजकूर असतो तो अहवालच बंद करण्याची ही रीत मोठमोठ्या सरकारांनी मान्य केलेली असताना एका ड्रायव्हरला नावे ठेवण्यात अर्थ नाही; परंतु काटा मुका झाल्याने इंजिनाच्या मनातला क्षोभ शमला नाही, आणि पुढच्याच आठवड्यात रेडिएटरच्या तळाशी थेंब गळू लागला.

गळतीवर ड्रायव्हरजवळ रामबाण होता. "मालक, चमचाभर हळद टाकू का?" हळद पाण्यात फुगून छिद्राशी जाऊन बसते आणि गळती काही काळ थांबते, हा भारतातल्या रस्त्यांवरचा सर्वमान्य उपचार आहे, आणि तो खोटाही नाही. जखमेवर हळद लावण्याच्या कल्पनेचे पेटंट अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने पुरावे दाखल करून ते १९९७ साली रद्द करवले, याचा आपणा सर्वांना रास्त अभिमान आहे. परंतु रेडिएटरच्या जखमेवरील हळदीचे पेटंट घेण्याची बुद्धी मात्र अद्याप कोणत्याही परदेशी विद्यापीठाला झालेली दिसत नाही. या उपचारात वैगुण्य एवढेच की, हळदीला गळके छिद्र आणि सुदृढ नळी यांतला भेद कळत नाही. ती दोन्ही सारख्याच निष्ठेने बुजवते. गळती थांबली, आणि इंजिन पूर्वीपेक्षा लवकर उकळू लागले.

मग तालुक्याच्या गावाहून मिस्त्री आला. त्याने इंजिनाभोवती एक प्रदक्षिणा घातली, विडी शिलगावली, आणि थर्मोस्टॅट काढून खिशात टाकला. "हेच अडवतंय पाणी," असा निवाडा त्याने दिला. थर्मोस्टॅट म्हणजे आत मेण भरलेली एक चिमुकली झडप. इंजिन गार असताना ती रेडिएटरची वाट बंद ठेवते, आणि पाणी ८२ अंशांच्या आसपास पोहोचले की मेण वितळून फुगते व वाट मोकळी करते. हिला काढून टाकले म्हणजे इंजिन पहाटेच्या वेळी तापता तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, आणि सिलिंडराच्या गार भिंतींवर धुरातल्या गंधकाचे आम्ल दवासारखे साचून धातू खाऊ लागते. परंतु आमच्याकडे एखादा पहारेकरी दारात उभा दिसला की चोरी त्यानेच केली असणार, असे धरून चालण्याचा जुना शिरस्ता आहे.

झडपेला देशोधडीला लावूनही ताप हटला नाही. एके दुपारी ट्रॅक्टर अंगणात धुमसत उभा होता, आणि ड्रायव्हर हातात गोणपाट घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवण्याच्या बेतात होता, तेव्हा मामीचा प्रथमच या प्रकरणात प्रवेश झाला.

"अरे मेल्या, घरी कुकरचं झाकण वाफ जिरायच्या आत काढतोस का?"

"घरी कुकर बायको काढते, मामी," ड्रायव्हरने प्रांजळ जबानी दिली.

ही जबानी मला फार अर्थपूर्ण वाटली. त्या झाकणाची स्प्रिंग आत वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट दाब धरून ठेवते, आणि म्हणून आतले पाणी १०० अंशांना न उकळता ११८ पर्यंत दम धरते. समजा, दहा लिटर पाणी ११० अंशांवर आहे आणि कोणी झाकण उघडले. त्या पाण्याला १०० वर उतरण्यासाठी जेमतेम दोनशे ग्रॅम पाण्याची वाफ करावी लागते. दोनशे ग्रॅम म्हणजे काहीच नव्हे, परंतु तेवढी वाफ सुमारे तीनशे लिटर जागा मागते, आणि ती जागा ज्याचे तोंड झाकणावर ओणवले आहे त्याच्या दिशेने मिळवते. हे गणित कोणत्याही गृहिणीने मांडलेले नसते; पण ते चुकवणारी गृहिणीही मी पाहिलेली नाही. पाठोपाठ ड्रायव्हरने विहिरीच्या गार पाण्याची बादली उचलली, तेव्हा मामीने दुसरा हुकूम सोडला. तापल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काय होते ते ज्याला ठाऊक नसेल त्याने आपल्या अंगणात उभे राहू नये, असा त्याचा आशय होता. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेले की हेडला तडा जातो, हे मालकपुस्तिकेत छापलेले असते. परंतु मालकपुस्तिका मामांनी वीजबिलांबरोबर तारेला टोचून ठेवली होती.

इंजिन निवेपर्यंत मसलत बसली. मामीने एकच प्रश्न विचारला, "त्या विहिरीचं पाणी चुकून बंबात घातलं होतं, तेव्हा काय झालं होतं आठवतं का?" मामांना आठवत होते. तांब्याच्या त्या बंबाच्या आत पांढरा टणक थर बसला होता, सरपण दुप्पट जळूनही पाणी कोमटच राहत होते, आणि शेवटी चिंचेचा कोळ घालून तो थर काढावा लागला होता. मामी म्हणाली, "मग याला चिंच कधी लावली?"

या प्रश्नाला मिस्त्रीजवळ उत्तर नव्हते, ड्रायव्हरजवळ नव्हते, आणि रसायनशास्त्राची पदवी असलेल्या माझ्याजवळ असूनही मला ते सुचले नव्हते. पाण्यात विरघळलेले चुन्याचे बायकार्बोनेट तापले की त्यातून वायू निघून जातो आणि न विरघळणारे कार्बोनेट मागे भिंतीला चिकटते. हा थर बिडाच्या मानाने उष्णतेला कितीतरी पटींनी अडवतो, आणि जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथेच तो सर्वांत जाड बसतो, म्हणजे नेमकी जिथून चौथाई वसूल व्हायची त्या परगण्यातच बंडाळी. हे सारे मी कधी काळी परीक्षेत लिहिले होते आणि बंबाच्या पोटात मामीने स्वतः पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर थंडगार असताना कामाला प्रारंभ झाला. रेडिएटरच्या तळाचा नळ ड्रायव्हरला ठाऊक होता. परंतु इंजिनाच्या अंगावरही पाणी सोडण्याचा दुसरा नळ असतो, आणि तो उघडला नाही तर जुने पाणी ब्लॉकमध्ये तसेच ठाण मांडून राहते, हे ऐकून मिस्त्रीलाही नवल वाटले. रंग, चिखल आणि तेल यांच्या थराखालून तो नळ खणून काढावा लागला. त्यातून प्रथम काहीच आले नाही. तार घालून टोचल्यावर तांबूस, दाट, हळदीची झाक असलेला एक पदार्थ अनिच्छेने बाहेर आला, आणि त्याला पाणी म्हणावे की नाही याबद्दल पंचांत मतभेद झाले. त्यावर तेलाचा तवंग किंवा दुधी फेस नव्हता, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. तो असता तर हेडची गॅस्केट गेली असे समजून प्रकरण वरच्या कोर्टात न्यावे लागले असते.

मिस्त्रीने तेजाब घालण्याची तजवीज सुचवली. ज्या द्रवाने मोरीची फरशी उकलते तो आपल्या दारातल्या तांब्या-पितळेत जाणार नाही, असे मामीने निक्षून सांगितले. रेडिएटर जुन्या धाटणीचा, तांब्या-पितळेचा होता म्हणून धुण्याचा सोडा चालण्यासारखा होता. अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरला सोडाही बाधतो, आणि तिथे बाजारात मिळणारे त्याच कामाचे औषध आणावे हे उत्तम. सोडा गरम पाण्यात विरघळवून ओतला, इंजिन सुरू करून वरची नळी हाताला चांगली ऊन लागेपर्यंत चालवले, आणि गाळ पुन्हा खाली बसण्याच्या आत, पाणी कोमट असतानाच सोडून दिले. तेलकटपणा आणि हळद यांचा बराचसा निकाल या फेरीत लागला. परंतु क्षाराचा थर सोड्याला दाद देईना. तेव्हा मामीचे लक्ष रेडिएटरच्या जाळीपुढे दर शनिवारी नव्याने टांगल्या जाणाऱ्या लिंबू-मिरचीकडे गेले.

"लिंबू बाहेर आणि हळद आत! अरे, नेमकं उलटं केलंत रे सगळं."

ढोकळ्यासाठी आणलेले लिंबूसत्व तिने डब्यातून काढून दिले. लिंबातल्या आम्लाने चुन्याचा थर फसफसून सुटतो, हे बंबाच्या आणि चिंचेच्या नात्यानेच सिद्ध होते. मात्र हा पाहुणा फार वेळ मुक्कामाला ठेवायचा नसतो; इंजिन थोडा वेळ चालवून तो बाहेर काढला, पुन्हा सौम्य सोड्याच्या पाण्याने त्याचा आंबटपणा मारला, आणि मग नुसत्या पाण्याच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. रेडिएटर सोडवून खालच्या तोंडातून वर असा उलट प्रवाह सोडला, तेव्हा सुलट प्रवाहाला वर्षानुवर्षे न जुमानलेल्या खपल्या एकामागून एक शरण आल्या. खालच्या नळातून येणारे पाणी शेवटी इतके स्वच्छ झाले की मामांनी ते ओंजळीत धरून पाहिले.

बाहेरच्या अंगाची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. जाळीच्या पापुद्र्यांत पाचटाचा चुरा, भुस्सा आणि फुलपाखरांची एक पिढी अडकली होती. वारा ज्या बाजूने आत येतो तिच्या उलट, म्हणजे पंख्याच्या बाजूने हवा मारून ती काढली. पट्टा अंगठ्याने दाबला तर बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका दबायला हवा होता. तो धोतराच्या निऱ्यांसारखा सैल होता. खालची रबरी नळी दाबताच आत जाऊन बसली ती बाहेर येईना, सबब बदलली. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी पातेल्यातल्या पाण्यात टांगून चुलीवर ठेवला, आणि पाणी उकळण्याच्या पुष्कळ आधी त्याने डोळा उघडला, तेव्हा मिस्त्रीने खिशातला जुना काढून हळूच त्याच पाण्यात सोडून पाहिला. तोही उघडला. मिस्त्री काही बोलला नाही.

आता पुन्हा भरायचे काय, हा प्रश्न आला. मी शहरातून कूलंटचा डबा नेला होता. त्यावर लिहिले होते की निम्मे पाणी आणि निम्मे हे औषध घातले असता उणे ३७ अंशांपर्यंत गोठण्याचे भय नाही. मामांनी ते वाचून डबा सन्मानाने परत केला. प्रवरेकाठी माघात फार तर अंगावर काटा येतो. उणे ३७ साठी पैसे मोजायचे तर लडाखच्या शेतकऱ्यांनी मोजावेत. या औषधातले खरे मोल गोठण्याच्या आकड्यात नसून गंजाला आळा घालणाऱ्या द्रव्यांत आहे, आणि त्याने उकळबिंदूही ७ अंशांनी वर सरकतो, हे मामांना पटवण्यात दुपार गेली. ते चवीला गोड पण विषारी असते, म्हणून मुलांच्या आणि कुत्र्यांच्या वाटेत ठेवू नये व जुने झाल्यावर ओढ्यात ओतू नये, हे ऐकल्यावर मात्र मामांचा त्याच्यावर विश्वास बसला. कडक औषधच गुणाला येते, अशी त्यांची श्रद्धा आहे. उरलेले निम्मे पाणी मामीने दिले. पावसाळ्यात पत्र्याच्या पागोळ्यांखाली धरून झाकून ठेवलेले ते पाणी ती केस धुण्यासाठी जपून वापरीत असे, आणि त्याच्या प्रत्येक तांब्याचा हिशेब तिने ओसरीवरून घेतला. ड्रायव्हरने ते सावकाश ओतले, इंजिन मंद चालवून आत कोंडलेल्या हवेचे बुडबुडे निघू दिले, पुन्हा भर घातली, झाकण लावले, आणि काट्याची तार जोडली. काटा उठला, मध्यावर आला आणि तिथेच थांबला.

त्यानंतर ट्रॅक्टरने कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास उभे राहूनही कधी उकळी काढली नाही. मामा प्रसन्न झाले. ड्रायव्हर मात्र उत्तरोत्तर म्लान दिसू लागला. त्याचे कारण कळायला थोडा अवधी गेला. एके दिवशी मामा स्वतः मोटरसायकलवरून त्या रस्त्याने जात असता चहाच्या टपरीवाल्याने त्यांना अदबीने थांबवले, बाकडे पुसून बसायला दिले, आणि ट्रॅक्टरला काही कमी-जास्त तर झाले नाही ना, अशी काळजीने विचारपूस केली. कारण दोन्ही खेपांना अर्धा-अर्धा तास थांबणारे आणि दर खेपेस तीन चहा व एक भजीची प्लेट घेणारे एवढे जुने गिऱ्हाईक हल्ली समोरून न थांबता निघून जाते, हे त्याला कसेसेच वाटत होते.